सात नावांचं एक काम

गाळणीबाईंना ऑफिसात कुणी तोंडावर गाळणीबाई म्हणत नसे, पण त्यांना ते नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एका बांधकाम कंपनीत त्या वेळापत्रक सांभाळत. कोणतं काम कुणी, कधी आणि कशानंतर करायचं, याची हजारभर ओळींची यादी त्यांच्या कॉम्प्युटरवर असे. त्या यादीत एकच काम दोनदा शिरलं असेल तर ते पकडावं बाईंनीच. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक बटण होतं खरं, पण ते अगदीच भाबडं. दोन नावं हुबेहूब सारखी असली तरच ते बोंब मारायचं. एकाने ‘गिलावा’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘प्लास्टर’, की त्याला वाटायचं, भिंतीला दोन सदरे घालायचे आहेत. बाई अक्षरांवर जात नसत. साइटवरचा कोण कसा बोलतो हे त्यांना पाठ होतं.

हा गुण त्यांना घरीही स्वस्थ बसू देत नसे. नवऱ्याचे विनोद एकूण चार, बाकीचे माणसं बदलून तेच, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी हुडकून काढलं होतं. तेव्हापासून तो बिचारा प्रत्येक विनोदाआधी “हा नवीन आहे हं” असं सांगतो, आणि तो नवीन नसतो.

तर एका तीनमजली शाळेची इमारत संपत आली होती. शाळा कधी भरणार याचा शब्द साहेबांनी मुख्याध्यापिकांना देऊन टाकलेला, आणि वेळापत्रक म्हणत होतं की कामं त्या तारखेनंतर आणखी अकरा दिवस चालतील. शिवाय साहेबांचा कडक नियम असा, की यादीत नाही ते काम साइटवर करायचं नाही आणि यादीत आहे ते सोडायचं नाही. त्यामुळे यादी म्हणेल तेच खरं.

“बाई, काहीतरी गाळा,” साहेब म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

बाईंनी डोळ्यांत तेल घालून यादी चाळली. किरकोळ दुबार कामं निघाली, पण त्यांनी तारीख काही हलेना. मग शेवटच्या पानावर त्या थबकल्या. एकाखाली एक सात ओळी होत्या. बिजागऱ्यांना तेल देणे. दरवाजे मऊ करणे. कुरकुर काढणे. उघडझाप सुरळीत करणे. सांध्यांना वंगण. पल्ल्यांचा आवाज बंद करणे. आणि सातवी, दारं बोलतायत ती गप्प करणे. प्रत्येकीला दोन दिवस. सातही ओळी साइटवरच्या एकट्या मुकादमांच्या नावावर, त्यांच्याच मोबाइलवरून भरलेल्या. बाईंना आधी हसू फुटलं आणि मग त्यांचा पारा चढला. त्यांनी मुकादमांना बोलावून घेतलं.

“काका, एका दाराच्या बिजागऱ्यांना तेल द्यायला किती वेळ लागतो?”

“नीट दिलं तर वीसेक मिनिटं.”

“आणि बेचाळीस दारांना?”

“दोन दिवस.”

“मग हे चौदा दिवस कसले?”

मुकादमांनी टोपी काढली, तिच्या आत उत्तर लिहिलंय का ते पाहिलं आणि परत घातली.

“बाई, अडतीस वर्षं झाली या कामाला. दवाखाने बांधले, ऑफिसं बांधली, घरं तर मोजलीच नाहीत. पण रंग वाळायच्या आत मला पुढच्या साइटवर धाडतात. माणसांनी भरलेली इमारत मी आतून एकदाही पाहिली नाही. नंतर जावं तर वॉचमन विचारतो, कोण पाहिजे? पुढच्या साइटवर अजून खड्डाच खणायचाय. ती वर येईस्तोवर मी रिटायर होऊन घरी बसलेला असेन. म्हटलं, ही एक तरी पोरांनी भरलेली बघावी.”

“मग साहेबांना सरळ सांगायचं ना!”

“सांगितलं. बघू म्हणाले.”

साहेबांच्या ‘बघू’चा अर्थ दोघांनाही माहीत होता.

बाईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वीस वर्षांत त्यांनी यादीत एक खोटी ओळ राहू दिली नव्हती, आणि आता एकदम सहा? त्यांनी नजर चुकवत माउस हातात घेतला आणि मन बदलायच्या आत फटाफट ओळी उडवल्या. काम शाळा भरण्याच्या तीन दिवस आधीच संपेल, असं यादी म्हणू लागली. खरं तर बारा दिवस वाचायला हवे होते आणि वाचले चौदा. पण काम लवकर आटोपतंय म्हटल्यावर कुणी खोलात शिरत नाही. बाईही शिरल्या नाहीत. मुकादमांनी स्क्रीनकडे एकवार पाहिलं, “बरं” म्हणाले आणि गेले.

पुढचे दोन दिवस बाईंना जेवण गोड लागेना. नवऱ्याने त्यांना हसवायला तिसऱ्या क्रमांकाचा विनोद सांगितला, तर त्या मुकाट्याने हसल्या, त्यामुळे तो घाबरूनच गेला. तिसऱ्या दिवशी बाईंनी यादीत हळूच एक ओळ घातली. ‘शाळेच्या घंटेची चाचणी, मुकादम, पहिला दिवस.’ अर्ध्या तासात साहेब हजर.

“बाई, घंटेची चाचणी झाली की गेल्या आठवड्यात. हे दुबार आहे. तुमच्याकडूनच शिकलो हं!” साहेबांनी स्वतःच्या हाताने ओळ काढली आणि शाबासकीची वाट पाहत उभे राहिले. बाईंना ती द्यावी लागली.

शाळा भरायचा दिवस उजाडला, तेव्हा साहेब गाळणीबाईंना घेऊन कार्यक्रमाला हजर होते. इतके दिवस रंग चिकटू नये म्हणून सगळी दारं विटा लावून उघडीच ठेवली होती. त्या विटा सकाळी उचलल्या. पोरं वर्गांत शिरली, शिक्षिकांनी दारं लावली, आणि तिन्ही मजल्यांवरून अशी काही किंचाळी उठली की मुख्याध्यापिकांच्या हातातलं भाषण खाली पडलं. पोरांना तर आनंदाचं भरतं आलं. ती दारं उघडू लागली आणि परत लावू लागली. बेचाळीस दारं एका सुरात रडत होती.

साहेबांनी गाळणीबाईंकडे पाहिलं. बाईंनी लॅपटॉप उघडून ‘तेल’ शोधलं. एक ओळ नाही. सहा उडवायच्या होत्या, घाईत सातही उडवल्या होत्या. डोळ्यांत घातलं तेवढंच तेल, बिजागऱ्यांना काही उरलं नव्हतं. बाईंचे कान लाल झाले.

साहेबांनी मुकादमांना फोन लावला. पुढची साइट शहराच्या दुसऱ्या टोकाला, तरी मुकादम चार मिनिटांत दारात उभे. अंगात इस्त्रीचा सदरा आणि पिशवीत तेलाची बुधली. समोरच्या फुटपाथवर ते सकाळपासूनच उभे होते.

“सातही ओळी काढल्यात तुम्ही, बाई,” ते हळूच म्हणाले. “मला तेव्हाच दिसलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलायचं यादीत नव्हतं.”

एवढं म्हणून ते पहिल्या वर्गाच्या दारापाशी उकिडवे बसले. क्षणात दहा-बारा पोरं भोवती गोळा झाली. कुणी बुधली धरायला मागत होतं, कुणी विचारत होतं, “आजोबा, हे दार तुम्ही केलंत?” मुकादम नुसतेच मान हलवत राहिले, आणि तेल फरशीवर सांडत राहिलं.

“किती दिवस लागतील?” साहेबांनी घाम पुसत विचारलं.

“दोन,” मुकादम इमानदारीत म्हणाले.

“बाई, टाका यादीत.”

बाईंनी ‘बिजागऱ्यांना तेल देणे, दोन दिवस’ असं लिहिलं. साहेब मुख्याध्यापिकांची समजूत काढायला वळले, तेव्हा त्याखाली आणखी सहा ओळी लिहिल्या, प्रत्येक वेगळ्या नावाची. मग त्यांनी ते भाबडं बटण दाबून पाहिलं. एकही काम दुबार नाही, असं त्याने सांगितलं.