ओढ्यापाशी कापलेला नकाशा

मुलांनो, परवा तुम्ही आकाशातून दिसणारं ते गाव मला फोनवर दाखवलंत आणि म्हणालात, "आजी, किती हिरवंगार!" मी फोन पालथा ठेवला. ते गाव मी पायी मोजलेलं आहे. म्हणून हे लिहिते.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी कोल्हापुरात कॉलेजात भूगोल शिकत होते. कोडोलीच्या पुढच्या त्या गावात नळ यायचा होता. तो कुठे बसवायचा हे नकाशा पाहून ठरणार होतं, आणि नकाशाचं काम आमच्या सरांनी वर्गाकडे घेतलं होतं.

गल्लीतून मोजणीची फीत ओढली की तिच्याबरोबर गटारातला काळा लगदा यायचा. उकिरडे, म्हशींचं मूत, पहाटे परसाकडला बसायची जागा, सगळ्याचा उतार ओढ्याकडे. ओढ्यापलीकडे, खालच्या अंगाला, दलित वस्ती. तिथल्या बायका ओढ्याच्याच वाळूत खड्डा करून करवंटीनं पाणी भरायच्या. त्याला त्या झरा म्हणत. पाण्यावर तवंग होता.

एकीनं विचारलं, "बाई, तुमच्या कागदात आमचा झरा येणार न्हवं? मग नळबी हिकडं यील की."

मी तिच्यासमोरच निळ्या शाईनं झरा काढला.

संध्याकाळी सरपंचांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या ओसरीवर, नकाशा पसरला. सरपंच वाकून बघत म्हणाले, "बाई, वड्यापल्याड कशाला गेलतासा?"

"तिथंही माणसं राहतात."

"ऱ्हात्यात की! पन गावात कुठं ऱ्हात्यात?"

सगळा सोपा खदखदून हसला. "घ्या पावणं, च्या घ्या," म्हणत कुणीतरी कपबशी पुढे केली. मी ती तशीच बाजूला सारली.

सर हसले नाहीत, त्याचं मला बरं वाटलं. मग त्यांनी ब्लेड काढलं, पट्टी ओढ्यालगत ठेवली आणि कागद कापला. म्हणाले, "आता कसा चौकटीत बसला!" मला टापटीप किती लागते ते तुम्ही जाणता. त्या सरळ कडेकडे मला बघवेना. मी त्या नकाशावर सही केली नाही. वर्गातल्या बाकीच्यांच्या सह्यांवर काम भागलं.

नळ चावडीसमोर बसला. पलीकडच्या बायकांना तिथं घागर लावू देत नसत.

कापलेला तुकडा मी सोप्यातून उचलून आणला होता. तो माझ्या कपाटात आहे, झऱ्यासकट.