वरची नळी गरम, खालची गार

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी माझे यजमान गेले. ते पडवीत चहा पीत बसले होते. मी आतून दुसरा कप घेऊन आले, तेव्हा ते खुर्चीतच होते आणि श्वास थांबला होता.

त्यानंतरही देवघरातला दिवा मी लावत राहिले, कारण सासूबाईंचे हात थरथरतात आणि त्यांना काडी पेटवणं जमत नाही. पण दिव्यापुढे उभं राहून म्हणायचं स्तोत्र काही माझ्या तोंडून येईना. रागावले होते असं म्हणता येणार नाही. एखाद्या घरात दोन माणसं अबोला धरून राहतात, स्वयंपाकपाणी सगळं वेळेवर होतं, फक्त एकमेकांकडे बघत नाहीत, तसं माझं आणि देवाचं चाललं होतं. हरिहरेश्वर आमचं कुलदैवत. दर वर्षी दिवाळी झाली की यजमान मोटरसायकलवरून तिथे जात आणि मागे मी बसलेली असे, पाठीला पुस्तकांची पिशवी अडकवून. पुस्तकं कशाला, असं ते दर वर्षी विचारत आणि दर वर्षी ती पिशवी स्वतःच माझ्या खांद्यावर नीट बसवून देत.

त्यांच्या अस्थी तिथेच सोडायच्या, हे कुणी न बोलताच ठरलं होतं. पावसाळ्यात तिथल्या खडकांवर उतरता येत नाही, म्हणून तांब्याचा लहान कलश पांढऱ्या फडक्यात बांधून आमच्या विहिरीजवळच्या आंब्याला टांगून ठेवला होता. आमच्याकडे अस्थी छपराखाली आणत नाहीत, जमिनीला टेकवत नाहीत आणि एकदा झाडावरून काढल्या की परत घरी फिरवत नाहीत. दिवाळी झाल्यावर त्यांच्या तिथीचा दिवस धरला. गुरुजी फोनवर म्हणाले, दुपारी ओहोटी आहे, पाणी चढायच्या आत या, नंतर खडकांवरच्या प्रदक्षिणेच्या वाटेला कुणाला सोडत नाहीत.

भाड्याच्या मोटारीने जाता आलं असतं. पण माझी नणंद शुभा पुण्याहून आली ती हेल्मेट हातात घेऊनच. "दादा टॅक्सीने जाईल का वहिनी? वरून शिव्या घालेल." तिला गाडी त्यांनीच शिकवलेली. लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली त्यांची ती गाडी त्या सोमवारपासून पडवीत झाकून होती. शेजारी मधून मधून ती सुरू करून ठेवत. मी कलश ओढणीने छातीशी बांधला आणि आम्ही रेवदंड्याहून निघालो.

आगरदांड्याला फेरीबोटीत चढलो, दिघीला उतरलो आणि पुढचा चढ लागला. तिथे गाडीचा लाल दिवा पेटला. शुभाने रस्त्याकडेला गाडी घेतली. इंजिनातून गोडसर, करपट वास येत होता.

"उतरा वहिनी. तापलीय."

"पाणी ओतूया का वर?"

"हातसुद्धा लावू नका! गरम असताना झाकण उघडलं तर तोंड भाजेल. थंड होऊ दे."

मोबाइलला रेंज नव्हती. एक मोटार थांबली, आतल्यांनी माझ्या छातीवरचं पांढरं फडकं पाहिलं आणि काच वर गेली. त्यांना मी दोष देत नाही. सहलीला निघालेल्या माणसांनी असं ओझं का म्हणून घ्यावं? पण तेव्हा मला रडू आलं. पुढे जाता येईना, मागे फिरायचं नाही, खाली ठेवायचं नाही. देवाशी माझा अबोला होता, तरी मनात आलं की हा एवढा मार्ग तरी अडवायला नको होता.

समोरच्या घराच्या अंगणात चुलीवर पाण्याचा हंडा ठेवला होता. तिथून एक बाई उठून आल्या. साधारण माझ्याच वयाच्या, नऊवारी खोचलेली, हातात अर्धवट सोललेली सुपारी.

"काय झाला गं? बंद पडली?" आणि मग त्यांची नजर फडक्यावर गेली. "कोन गेला?"

"माझे यजमान."

"मंग अशी उन्हात कशाला उभी हायस? बांध माझ्या चाफ्याला."

मी घुटमळले. कुणाच्या दारच्या झाडाला आपलं सुतक कसं बांधावं?

"माझ्या घरवाल्याचा फडका पन ह्याच फांदीला व्हता," त्या म्हणाल्या. "बांध. झाड काय बोलत न्हाय."

त्यांनीच फांदी वाकवून धरली आणि मी गाठ मारली. हात मोकळे झाले तेव्हा कळलं की खांदे किती अवघडले होते.

तोवर शुभा गाडीपाशी बसून एकेक बघत होती. खाली गळती नव्हती. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या बाटलीतली पातळी बरोबर होती. किल्ली फिरवली तर पंखाही फिरत होता. "सगळं ठीक आहे, मग तापली कशाने?" ती स्वतःशीच पुटपुटली.

रविवारी दुपारी यजमान गाडी खोलून बसत आणि मी पायरीवर वाचत बसे. ते बोलत राहत, मी हं म्हणत राही. एकदा त्यांनी माझा हात पुस्तकावरून उचलून गाडीवर नेला होता. "हे बघ, वरची नळी गरम लागतेय आणि खालची गार, म्हणजे पाणी फिरत नाही. मध्ये एक छोटं दार असतं. थर्मोस्टॅट. इंजिन तापलं की ते आपलं आपण उघडतं. ते अडकलं तर बाहेर पंखा कितीही फिरू दे." मी हं म्हटलं होतं आणि पान उलटलं होतं.

मी शुभाला थोडा वेळ इंजिन सुरू करायला लावलं. मग ओढणी हाताला गुंडाळून दोन्ही नळ्यांना हात लावून पाहिला. वरची चटका देत होती. खालची आमच्या विहिरीच्या पाण्यासारखी गार होती.

"थर्मोस्टॅट," मी म्हटलं.

शुभा माझ्याकडे बघतच राहिली. "वहिनी, तुम्हाला कसं ठाऊक?"

"ऐकत होते वाटतं."

पण तेवढ्याने भागत नव्हतं. पाणी ढकलणारा पंप बिघडला असेल तरी नळ्या अशाच लागतात, आणि मग तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. ओळखायचा उपाय शुभाला माहीत होता: दार बाहेर काढून उकळत्या पाण्यात धरायचं. उघडलं तर ते चांगलं आहे आणि पंप गेला. सीटखालची हत्यारं काढून, इंजिन निवाल्यावर तिने ते काढलं. मोठ्या सुपारीएवढी पितळेची वस्तू, आणि तिच्यावर पांढरा खार.

"यात नुसतं साधं पाणी आहे!" शुभा म्हणाली. "कंपनीचं हिरवं पाणी कुठे गेलं? हे कुणी भरलं?"

तेव्हा मला आठवलं. शेजाऱ्यांनी एकदा जुनं पाणी काढून टाकलं होतं आणि नवं भरायला सासूबाईंकडे पाणी मागितलं होतं. त्या विहिरीवरून तांब्या भरून घेऊन आल्या. दुसऱ्या कुणाला त्यांनी ओतू दिलं नाही. मी खिडकीतून पाहत होते. त्या हाताच्या तळव्यावरून, अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडत होत्या, आपण गेलेल्या माणसाला सोडतो तसं. आमची विहीर समुद्राजवळची, पाणी जरासं मचूळ. त्याचा खार चढला.

मी हे सांगितलं आणि शुभा मातीत बसली. "आईने दादाला पाणी दिलं," ती म्हणाली. ती हसत होती की रडत होती ते तिलाही कळत नसावं.

त्या बाईंनी हंड्यातलं पाणी लहान पातेल्यात काढून चुलीवर ठेवलं. ते खदखदायला लागलं तेव्हा शुभाने दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट आत सोडलं. आम्ही तिघी वाकून बघत होतो. इतक्या दिवसांत मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्या पातेल्यावर वाकून मागितलं: उघडू नको.

ते उघडलं नाही.

"बंदच आहे! बंदच आहे वहिनी!"

"बंद ऱ्हायला तर नाचतंस कशाला?" त्या बाईंनी विचारलं. शुभाने समजावलं, की पंप शाबूत आहे, हे दार काढून टाकून गाडी तशीच नेता येईल. बाईंना ते पटलं नाही. "असाच टाकून जानार? हंड्याला खार चढला तर हंडा टाकते का मी?" त्या आत गेल्या, आगळाची बाटली आणली आणि कोकमाचा तो लाल रस पातेल्यात चांगला ओतला. पाणी जांभळट झालं. खार सुटून वर येऊ लागला. बऱ्याच वेळाने ती स्प्रिंग हलली आणि ते लहानसं दार नखाएवढं उघडलं, मग आणखी थोडं.

स्तोत्राची पहिली ओळ मी कधी म्हणायला लागले, मला आठवत नाही. दुसऱ्या ओळीला माझाच आवाज मला ऐकू आला. त्या बाईंनी पदर डोक्यावर घेतला.

थर्मोस्टॅट पुन्हा बसवलं, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आत ओतल्या. इंजिन सुरू करून खालच्या नळीला हात लावला. ती हळूहळू गरम होत गेली. इतकी ऊब त्या दिवसांत माझ्या हाताला दुसऱ्या कशाची लागली नव्हती. बाईंनी कलश सोडवून माझ्या ओंजळीत दिला. "जा आता. दर्याला कुनाची वाट बघायची सवय न्हाय." मी त्यांचं नाव विचारलं नाही, त्यांनी माझं विचारलं नाही.

हरिहरेश्वरला पोहोचलो तेव्हा ओहोटी संपली होती. आधी काळभैरवाला हात जोडले, मग खाली धावलो. प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली जात होती. गुरुजी खडकाशी थांबून होते. "पुढे सोडता येणार नाही," ते म्हणाले, "इथेच बसा." मी शेवटच्या कोरड्या दगडावर बसले, कलशातल्या अस्थी ओंजळीत घेतल्या, शुभाने मागून माझा खांदा धरला. मंत्र चालू असताना एक लाट वर आली, माझ्या हातांवरून गेली आणि ओंजळीतलं सगळं घेऊन परतली. मी ठरवलं होतं, ओहोटीत आत जाऊन त्यांना सोडायचं. पण त्यांना न्यायला भरतीच आली. मला फक्त हात उघडे ठेवायचे होते.

जे घडलं ते योगायोगाने घडलं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. चढाला नेमकं ते घर, चुलीवर नेमका तो हंडा आणि रविवारच्या दुपारी न ऐकता ऐकलेलं एक वाक्य. मला ते सगळं कुणीतरी हातात ठेवल्यासारखं वाटतं, आणि ज्याने ठेवलं त्याच्याशी माझा अबोला राहिलेला नाही.

तांब्यातल्या पाण्याचं आम्ही सासूबाईंना सांगितलं नाही. गाडी शुभाने पुण्याला नेली. घरात आता सासूबाई आणि मी, अशा दोघी आहोत.