सवलत न घेणारी मालकीण

एकावर एक फुकट मिळत असताना फुकटातलं परत फळीवर ठेवून येणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती माझी सख्खी आत्या निघाली. टूथपेस्टच्या दोन नळ्या एकत्र चिकटवलेल्या असत. अक्का ती चिकटपट्टी नखाने सोडवायची, एक नळी पिशवीत टाकायची आणि दुसरी जागेवर नेऊन, नाव समोर येईल अशी उभी करायची. बिलं करणारी शोभा दरवेळी म्हणायची, "अम्मा, ती पण तुमचीच आहे." अक्का म्हणायची, "दोन्ही माझ्याच आहेत. म्हणून तर ठेवली."

आमचे वडील तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणत आलो. बनशंकरीतल्या त्या सुपरमार्केटमध्ये मात्र तिचं नाव 'मालकीण' असं पडलं होतं. कंपनीचं नाव मी सांगत नाही, तिच्या भागधारकांना आधीच पुष्कळ सोसावं लागलं आहे. त्या जागी पूर्वी आमच्या आतोबांचं किराणा दुकान होतं. कंपनी गावभर शाखा काढत सुटली तेव्हा तिने ते विकत घेतलं, निम्मे पैसे रोख दिले आणि उरलेल्याचे शेअर दिले. आतोबांना वाटलं आपण फसलो. अक्काला वाटलं दुकान अजून आपलंच आहे, फक्त दिवे वाढले. आतोबा लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि अक्का तिच्या समजुतीसह दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहिली.

कंपनीच्या एकूण शेअरांत तिचे शेअर म्हणजे तांदळाच्या पोत्यात चिमूटभर. हे मी तिला एकदा नीट समजावून सांगितलं होतं, कारण मी हेब्बाळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि मला लोकांना गोष्टी समजावून सांगायची सवय आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मालकीण आहे ना?" "आहेस, पण..." "सरी," असं कन्नडात, म्हणजे बरं, म्हणून ती उठली. ते 'पण' मी अजून बाळगून आहे.

रोज सकाळी ती दुकानात एक फेरी मारायची. डब्यांची आणि पुड्यांची तोंडं समोर करायची, दह्याची पाकिटं तारखेप्रमाणे पुढेमागे करायची, लोकांनी उघडे टाकलेले फ्रीजचे दरवाजे लावायची. गिऱ्हाइकांना वाटे, ही इथेच कामाला आहे. कुणी रवा कुठे म्हणून विचारलं की ती रवा दाखवायची, आणि तो किती भाजायचा हेही सांगायची. माझी बायको मेधा पुण्याची. लग्नानंतर ती पहिल्यांदा अक्काबरोबर तिथे गेली आणि घरी येऊन मला म्हणाली, "तुमच्या आत्या तिथे पार्ट-टाइम जॉब करतात हे आधी सांगायचं ना."

पण मालकिणीचा खरा दिवस खंडेनवमी, म्हणजे इथली आयुधपूजा. त्या दिवशी या गावात रिक्षापासून संगणकापर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. आतोबांच्या दुकानात तराजूची पूजा व्हायची. तराजूपुढे कामाच्या माणसांची बोनसची पाकिटं ठेवलेली असत. ती आधी वाटायची, मग कडलेपुरी वाटायची, म्हणजे चुरमुरे आणि डाळं, आणि मालकाने सगळ्यांच्या शेवटी खायचं. दुकान कंपनीचं झालं तरी अक्काने हे सोडलं नाही. फक्त तराजूच्या जागी बिलाची यंत्रं आली. एका वर्षी तिने किंमत वाचणाऱ्या यंत्राच्या काचेवरच कुंकू लावलं, आणि दुपारपर्यंत बनशंकरीत एकही बिस्किटाचा पुडा विकला जाईना. मॅनेजर घामाघूम. अक्का त्याला म्हणाली, "स्वल्प थांबा. त्यालाही एक दिवस सुट्टी असू दे." कंपनीही त्याच सुमाराला कामगारांना बोनस देत असे, त्यामुळे अक्काला सगळं आपल्याच पद्धतीने चाललं आहे असं वाटायचं.

मग दुकान आजारी पडलं. आम्हा शिकलेल्यांना ते बातम्यांतून कळलं. अक्का पहिल्या रांगेतल्या डब्याच्या मागे हात घालायची. पूर्वी मागे आणखी डबे लागत, आता हात भिंतीला लागायला लागला. फळ्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून एकेक डबा पुढे ओढून उभा केलेला. त्या दसऱ्याला शोभाला आणि इतरांना बोनस मिळाला नाही. अक्काने कडलेपुरी वाटली, पण घरी आल्यावर मला फोन केला. "शिरी, पाकिटं नव्हती रे."

पुढच्या पावसाळ्यात कंपनीच्या वार्षिक सभेची सूचना आली. तिचे ईमेल माझ्याकडे येत, म्हणून रविवारी मेधाला घेऊन तिच्याकडे गेलो आणि वाचून दाखवली. तोट्यातल्या शाखा बंद करण्याचा विचार चालू होता, आणि त्यांत बनशंकरीचं नाव होतं. त्याच सूचनेत पुढे कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांना बोनस देण्याचा ठराव होता. मी तो वाचला आणि माझा आवाज चढला. अक्काचा चढला नाही. तिने चष्मा पुसला.

"बोनस? म्हणजे नफा झाला?"

"नाही अक्का. तोटाच आहे."

"मग गिऱ्हाईक वाढलं?"

"तेही नाही."

"मग कशाचा बोनस?"

बरीच वर्षं कंपन्यांत काढल्यामुळे उत्तर मला पाठ होतं. "हुशार माणसं सोडून जाऊ नयेत म्हणून देतात."

"सोडून कुठे जातील?"

"दुसऱ्या कंपनीत."

अक्का जरा विचारात पडली. "मग तिथल्यांना आधी कुणी सांगायला नको का?"

स्वयंपाकघरातून मेधाच्या हसण्याचा आवाज आला. अक्का हसत नव्हती. तिला खरोखरच काळजी वाटली होती.

भागधारकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट होता, आणि तिथे नुसता वणवा पेटलेला. अक्काच्या वतीने मीही त्यात शिरलो. माझ्या स्वतःच्या नावावर एक शेअर नसताना मी तिथे जो संताप व्यक्त केला, त्याला दोघातिघांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी ते सगळं अक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "इतके लोक रागावलेत, पण विचारलं कुणीच नाही. माझं नाव दे. मी विचारते."

"काय विचारणार?"

"जे मला कळत नाही ते."

हल्ली या सभा घरबसल्या होतात. सभेच्या दिवशी अक्का म्हैसूर सिल्क नेसून आमच्या हेब्बाळच्या घरी आली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. बसण्याआधी तिने माझ्या लॅपटॉपला कुंकू लावलं. मेधा तिला धीर देत होती, "अक्का, एकदम स्ट्राँग बोला हं. इमोशनल अजिबात व्हायचं नाही."

"मी कशाला रडू? दुकान राहतं की नाही, एवढं कळलं की झालं. आणि हे बोनसचं."

तिच्या आधी बोललेले सगळे तापलेले होते. एक निवृत्त गृहस्थ 'लाज' हा शब्द म्हणत असतानाच त्यांची वेळ संपली आणि ते अर्ध्या शब्दावर नाहीसे झाले. अध्यक्ष प्रत्येकाला शांतपणे म्हणत, आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे. मग अक्काचं नाव पुकारलं गेलं. ती बोलायला लागली, आणि पडद्यावरून कुणीतरी सांगितलं, मॅडम, आवाज येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाने पुढे होऊन जे बटण दाबलं, त्याने अक्काचं चित्रही गेलं. शेवटी मेधाने मला बाजूला सारलं आणि माइकच्या लाल चित्रावर बोट ठेवलं. अक्काने ते नीट पाहून घेतलं.

ती कन्नडात बोलली. "नमस्कार. मी बनशंकरीच्या दुकानाची. आमच्याकडे आयुधपूजेला आधी कामाच्या माणसांची पाकिटं, मग मालक. वाईट वर्षी मालकाला काही उरायचं नाही. मग आम्ही कडलेपुरी खाऊन घरी यायचो. तुमची पद्धत वेगळी दिसते. तोट्याच्या वर्षीसुद्धा बोनस मिळतो, असं कुठलं काम तुम्ही करता, ते मला समजून घ्यायचं आहे. मी रागावलेली नाही. तुम्ही सांगितलंत तर ते काम मी आमच्या शोभाला शिकवीन. तिला गेल्या दसऱ्याला मिळाला नाही."

अध्यक्षांचं तोंड थोडंसं उघडं राहिलं. त्यांनी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. काहीच ऐकू येईना. अक्काने वाट पाहिली आणि मग पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, शेजारच्या मुलाला सांगावं तशा मायेने म्हणाली, "सर, तुमचा आवाज येत नाही. खाली डाव्या हाताला माइकचं चित्र आहे. लाल असेल तर दाबा. आमच्या शिरीलाही आत्ता जमलं नव्हतं."

पडद्यावरच्या छोट्या चौकोनांमधून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. अध्यक्षांनी घसा साफ केला. "आवाज चालू आहे, मॅडम. आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे."

"मुद्दा नाही. प्रश्न आहे," अक्का म्हणाली, पण तोवर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

अशा ठरावाला चारांतली तीन मतं लागतात. मोठ्या फंडांनीही विरोधात मत टाकलं, आणि ठराव पडला. गटात फटाक्यांच्या चित्रांचा पाऊस. मी ती बातमी सगळ्या नातेवाइकांना अशा थाटात पाठवली, जणू ठराव मीच पाडला होता. अक्काला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं. दुकान राहणार ना मग?" ते त्या निकालात कुठे लिहिलेलं नव्हतं. "आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर?" तेही नव्हतं.

दुकान राहिलं नाही. नवरात्राच्या तोंडावर दारावर मोठी पाटी लागली, सगळ्या मालावर निम्मी किंमत. मी अक्काला घेऊन गेलो तेव्हा बनशंकरी सगळी आत लोटली होती. फ्रीजचे दरवाजे सताड उघडे, पुडे पालथे. अक्का ते दरवाजे लावत, पुडे उभे करत पुढे निघाली. ती काय शोधते आहे ते मला उशिरा कळलं. सवलत नसलेली एखादी वस्तू. मिठालासुद्धा लाल चिठ्ठी होती. शेवटी तिने कडलेपुरीचं पाकीट उचललं, तेवढं एकच उरलं होतं, आणि शोभापुढे ठेवलं.

"पूर्ण किंमत लाव."

शोभाने दोनदा बटणं दाबून पाहिली. "आगल्ल अम्मा. मशीन घेत नाही."

रांगेतला एकजण मागून म्हणाला, "निम्म्यात मिळतंय तर घ्या ना अज्जी, आम्हाला उशीर होतोय." अक्काने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "सरी. लाव," ती म्हणाली.

पाकीट तिने तिथेच फोडलं. पहिली मूठ शोभाच्या हातावर, मग दुसऱ्या काउंटरवरच्या मुलींना, मग दारावरच्या रखवालदाराला. सगळ्यांच्या शेवटी चार दाणे स्वतःच्या तोंडात. "कामाचं काय ठरलं?" तिने शोभाला विचारलं. "नोडबेकु अम्मा," शोभा म्हणाली, बघू या. आणि तिने पुढच्या माणसाचं सामान ओढलं.

रिक्षात अक्काने ते बिल माझ्या हातात दिलं. "शेवटी काहीतरी छापलंय, वाच."

मी वाचलं. आज आपण इतके रुपये वाचवलेत.

"कुणाचे?" तिने विचारलं.

मी बिलाची घडी घातली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात अक्का गेली. शोभा भेटायला आली होती. ती आता बनशंकरीतच एका औषधांच्या दुकानात आहे, आणि तिथल्या बाटल्यांची तोंडं समोर असतात हे मी स्वतः जाऊन पाहिलं आहे. कंपनी कशीबशी तग धरून आहे. शेअर अक्काने माझ्या नावावर केले होते. त्यांची आजची किंमत मेधाने मला बघू दिलेली नाही.

परवा येलहंकाला कामाला गेलो होतो, तिथे कंपनीची एक शाखा अजून उघडी आहे. आत शिरलो. एका फळीवर हात घालून पाहिला, दुसऱ्या रांगेतही डबे होते. टूथपेस्ट घेतली. दोन चिकटवलेल्या होत्या. मी इकडेतिकडे पाहून चिकटपट्टी सोडवली, एक परत ठेवली आणि एक घेऊन काउंटरवर गेलो. तिथली मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली.

"सर, दुसरी फ्री आहे. घेऊन या."

"बेड," मी म्हणालो. नको.

"याके सर?"

का, असं तिने विचारलं होतं. चेहरा अगदी सरळ, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मालक आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. बटण खाली डाव्या हाताला असतं, एवढं मला ठाऊक आहे.