काढून ठेवलेल्या सेन्सरचा निरोप

भुताखेतांचं, साक्षात्काराचं काही दिसलं की मी सरळ पान उलटते. मी इलेक्ट्रॉनिक्समधली बाई… सिग्नल आला म्हणजे तो कुठून तरी आलाच असणार, एवढंच मला कळतं. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते असं.

मी सदाशिव पेठेत राहते आणि सकाळी टेकडीवर फिरायला जाते. तिथल्या आमच्या ग्रुपने उतारावर रोपं लावली होती. ग्रुपच्या सर्वेसर्वा लीलाताई – निवृत्त मुख्याध्यापिका, हसल्या तरी रागावल्यासारख्याच दिसतात. पाणी पायथ्यापासून वर वाहून न्यायचं, म्हणून नक्की कुठली माती कोरडी आहे हे कळावं यासाठी मी ओलावा मोजणारे वायरलेस सेन्सर बसवले. बॅटरी टिकवायची तर सेन्सर कमीत कमी हवेत, पण सगळा उतार त्यांच्या टप्प्यात यायला हवा. शिवाय प्रत्येकाने मधूनमधून जागं व्हायचं, टेकडीवरच्या रिसीव्हरला आकडा पाठवायचा आणि परत झोपायचं.

“झोपा काढणारे कार्यकर्ते आमच्याकडे आधीच भरपूर आहेत,” लीलाताई म्हणाल्या.

पलीकडच्या खडकाळ कोपऱ्यात एकही रोप नव्हतं, म्हणून तिथला सेन्सर मी काढला. त्याची बॅटरी दुसऱ्याला घातली आणि तो घरी कपाटात ठेवून दिला.

मे महिन्यात पायथ्याची बोअर आटली. रोपांची पानं हात लावला की चुरायची. लीलाताई चक्क कुणावर रागवेनाशा झाल्या… ते जास्त वाईट होतं.

अशाच एका सकाळी चहा पिताना मी लॅपटॉप उघडला, तर त्या काढलेल्या सेन्सरच्या नावाने आकडा आलेला – माती चिंब ओली! मी कपाट उघडलं. सेन्सर तिथेच, बॅटरीचा कप्पा रिकामा. आणि असती बॅटरी, तरी घरापासून टेकडीवरच्या रिसीव्हरपर्यंत त्याचा सिग्नल पोचणं शक्यच नाही. अंगावर काटा आला, पण भीती नाही वाटली. का कोण जाणे, हसूच फुटलं.

मी फोन लावला. “अहो ताई, एक विचित्र गोष्ट झालीय…”

सगळं ऐकून घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, “कुदळ आणू का?”

त्या कोपऱ्यात नुसते दगड आणि वाळलेलं गवत. ग्रुपमधले आम्ही सगळे आळीपाळीने खणत राहिलो. गुडघाभर खोल गेल्यावर माती काळी लागली, मग खडकाच्या फटीतून झुळझुळ… गार पाणी! कुणीतरी शिट्टी मारली. लीलाताई इस्त्रीच्या साडीसकट चिखलात बसल्या आणि शाळकरी पोरीसारख्या आमच्यावर पाणी उडवायला लागल्या.

रोपं जगली.

त्या सेन्सरचा आकडा पुन्हा कधी आला नाही. जुना डेटा आला असेल, दोन सेन्सरचा आयडी एक झाला असेल, म्हणून मी सगळं तपासलं. ऑफिसातल्या मंडळींनीही तपासलं. काहीच सापडलं नाही. परवा झऱ्यापाशी लीलाताईंना म्हटलं, “याचं स्पष्टीकरण अजूनही माझ्याकडे नाही.”

“मिळालं की कळवा,” त्या म्हणाल्या, “तोवर ही बादली धरा.”