फॉस्टर म्हंजे खानावळ का?

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम सांगत नाही. डबे उघडले की ते आपोआप निघतात आणि घंटा झाली तरी आटपत नाहीत. लातूरच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता माझ्याकडं असे पोतंभर साचलेत. यंदाचे सगळे मात्र एकाच शब्दाचे आहेत. फॉस्टर.

तो शब्द आणला पीटीच्या बिरादार सरांनी. सर निलंग्याचे, आवाज असा की माईक लागत नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. नवरा-बायकोनं ठरवलं, अनाथ मुलांच्या संस्थेतली एक मुलगी घरी आणून सांभाळायची. मला म्हणाले, "मॅडम, हे फॉस्टर म्हंजे काय हो?"

"पालनपोषण."

"ते फॉर्मवर मराठीत छापलेलंच हाय. इंग्रजांच्या मनात काय होतं ते सांगा."

मी मोठा शब्दकोश काढला. शब्द लई जुना निघाला, आणि मुळात त्याचा अर्थ अन्न. पोटचं नसलेलं लेकरू खाऊ घालून वाढवायचं, ते फॉस्टर.

सर म्हणाले, "म्हंजे खानावळ का?"

गणिताच्या पठाण मॅडम डब्यातून मान वर न काढता म्हणाल्या, "खानावळीत पोरगं रुसलं तर कुणी विचारत न्हाई, सर."

तेव्हापासून सरांची त्या शब्दावर नजर. हेडसरांनी नोटीस काढली, त्यात 'फॉस्टर डिसिप्लिन' असं काहीतरी होतं. मी सांगितलं, आता त्याचा अर्थ जोपासणं असाही होतो. शिस्त, मैत्री, आशा, काहीही. सर गंभीरपणे म्हणाले, "शिस्तीला काय खाऊ घालणार? आपल्याकडं तिला भूकच न्हाई."

मग बालकल्याण खात्याच्या अधिकारी बाई घर बघायला आल्या. पठाण मॅडम शेजारीच राहतात, त्यामुळं त्यांनाही बोलावलं. "सर लई थंड मिजाजाचे हायत," मॅडम सांगत होत्या. "कधी आवाज चढवला न्हाई." तेवढ्यात अंगणात कुणाची तरी शेळी कढीपत्त्याला लागली आणि सर असे ओरडले की बाईंचा चहा बशीत सांडला.

मॅडम जराही डगमगल्या नाहीत. "हा त्यांचा बारीक आवाज हाय."

एवढं होऊनही मंजुरी आली आणि गौरी घरी आली. वय नऊ. अट अशी, की काही महिने बघायचं, मग तिलाच विचारायचं. मन रमलं नसेल तर परत संस्थेत.

पोरगी गुणाची. पण काहीही विचारा, उत्तर एकच, "चालतंय." भात चालतंय, भाकरी चालतंय, पंखा बंद केला तरी चालतंय. सर डबा उघडून नुसते बसायला लागले. "घरात पाव्हणीसारखी राहायलीय हो. जाते म्हणली तर आमच्या हिचं काय होईल?" स्वतःचं काय होईल ते बोलले नाहीत. आम्हाला दिसत होतं.

आमच्यात स्वतःचा डबा स्वतः खायची पद्धत नाही. आपला मधे ठेवायचा, दुसऱ्याचा ओढायचा. म्हणून ठरलं, रोज एकाचा डबा गौरीला. पठाण मॅडमची खिचडी गेली, माझे धपाटे गेले. डबा दुसऱ्या दिवशी स्वच्छ घासून परत, आणि निरोप "चालतंय." मला रागच आला. माझ्या धपाट्यांना आजवर कुणी नुसतं चालतंय म्हणलं नव्हतं.

शेवटी विचारायचा दिवस उगवला. सर, त्यांची बायको, जिला गौरी मावशी म्हणते, पठाण मॅडम आणि मी व्हरांड्यात. गौरी आत, अधिकारी बाईंसमोर. दार लोटलेलं होतं, पण सगळं ऐकू येत होतं.

"काही तक्रार आहे का, बाळ?"

"हाय," गौरी म्हणाली. "सर लई घोरतेत. मावशी वेणी घालताना केस ओढते. पठाण मॅडमच्या खिचडीत मीठ कमी ऱ्हातंय. इंग्रजीच्या मॅडमचे धपाटे वातड. आन् सर परवा किल्लारीला लग्नाला गेले, मला नेलंच न्हाई."



"एवढा त्रास आहे, तर तुला परत नेऊ का?" बाईंनी विचारलं.

"मला कशाला?" गौरी म्हणाली. "त्यांना समजावून सांगा की."