बॅटरीच्या खोलीतला आवाज

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी कायम हसत आले. बी.एस्सी. झालेय, असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता… पण हे माझ्याच घरात, भर दुपारी घडलं.

आमचं गाव महागाव तालुक्यात. छतावर सोलर बसवलं तेव्हा बॅटऱ्या मागच्या खोलीत ठेवल्या. मातीच्या जाड भिंती, त्यामुळे घरातली सगळ्यात थंड जागा तीच. सोलर बसवणारे सलीमभाऊ आमचे शेजारी. "बॅटरीले ऊन नाही लागलं पाह्यजे अन् हवा बंद नाही झाली पाह्यजे," असं त्यांनी बजावलं होतं. पण त्या वर्षी कापसाचा भाव पडला. वाट पाहू म्हणून सगळा कापूस त्याच खोलीत भरला, आणि भरता भरता खिडकी झाकली गेली. खोलीला कुलूप असायचं.

मे महिना. हे साखरपुड्याला उमरखेडला गेलेले, घरात मी एकटी. लाईन नव्हती, पंखा बॅटरीवर चालू होता. भांडी घासून आत आले, तर मागच्या खोलीतून ह्यांचा आवाज.

"वैशाली, दार उघड. लय गरम होऊन राह्यलं."

वाटलं, लवकर परतले. मग कुलूप दिसलं — बाहेरून लावलेलं. किल्ली माझ्याच कमरेला.

ह्यांना फोन लावला.

"तुम्ही कुठी आहा?"

"उमरखेडले. पंगतीत बसलो. काहून?"

तेवढ्यात दाराआडून पुन्हा, "वैशाली, उघड न."

फोनवर ह्यांनाही ते ऐकू गेलं. मग हळूच म्हणाले, "तुह्या मांगं कोण बोलून राह्यलं? तो त माहा आवाज हाये…"

मी तशीच सलीमभाऊंच्या घरी धावले. चोर असेल म्हणून ते लोखंडी सळई घेऊन आले. किल्ली त्यांच्या हातात दिली. मी त्यांच्या मागं उभी राहिले.

दार उघडताच गरम वाफ आणि सडक्या अंड्यासारखा वास अंगावर आला. आत कोणी नव्हतं. एक बॅटरी टम्म फुगलेली, वायर वितळून कापसाला चिकटलेली, तिथला कापूस तपकिरी पडलेला.

"भाभी, मांगं व्हा," म्हणत सलीमभाऊंनी आधी बाहेरचा स्विच पाडला, मग कापूस ओढून बाजूला केला. घाम पुसत म्हणाले, "जरा उशीर झाला असता त घर गेलं असतं."

खिडकीचे गज शाबूत होते. कापसाच्या ढिगामागंही आम्ही पाहिलं.

बॅटरी का फुगली ते समजतं. आवाजाचं मात्र आजही काही कळत नाही. सासरचे म्हणतात, देवानंच हाक मारून वाचवलं. असेल. पण 'उघड न' म्हणताना त्या आवाजात इशारा नव्हता… लाडीगोडी होती. त्याला बाहेर यायचं होतं. आणि दार तर आम्ही उघडलंच.

आता बॅटऱ्या पडवीत, सावलीत, मोकळ्या हवेत आहेत. हे मात्र आतून हाक मारतात, तेव्हा मी आधी उठून ते दिसतात का बघते. मगच ओ देते.