उजाडेपर्यंत मंगळवारच

माझी नात वेदिका तारखा लिहिण्याचा पगार घेते. असं सांगितलं की गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, "कॅलेंडर छापते का हो?" मलाही आधी तसंच वाटायचं. माझं शिक्षण चौथीचं, त्यातलाही निम्मा वेळ सटाण्याकडच्या आमच्या मळ्यात कांदे लावण्यात गेला. मला काय कळणार?

एकदा मी मेथी निवडत होते. ती शेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती.

"आज्जी, मशीनला तारीख कळतच नाही गं. त्याला ना सोमवार, ना चैत्र, ना सकाळ. त्याच्याकडे एकच आकडा. सत्तर सालच्या एक जानेवारीपासून किती सेकंद झाले, तेवढाच. तो आपला वाढत राहतो."

माझा हात मेथीतच राहिला. सत्तर साली मी नवी सून होते. म्हणजे माझी बाळंतपणं, सासूबाई गेल्या तो दिवस, ही पोरगी जन्मली ती दुपार, सगळं त्या एका आकड्यात रांगेनं बसलेलं! खोटं कशाला सांगू, देव्हाऱ्यापुढेही अंगावर असा काटा आला नव्हता.

"मग त्यातून मंगळवार कसा काढतेस?"

तिनं इंग्रजी अक्षरांची एक ओळ दाखवली. दिवसाला एक अक्षर, महिन्याला एक, तासाला एक. अक्षरं बदलली की तोच क्षण वेगळा होऊन बाहेर पडतो. अमेरिकेला महिना आधी, आपल्याला दिवस आधी. मी म्हटलं, "हा तर सोऱ्या झाला की! पीठ तेच, चकती बदलली की कधी शेव, कधी चकली." ती इतकी हसली की मेथीची जुडी पडली. तेव्हापासून तिच्या ऑफिसातसुद्धा म्हणे त्या ओळीला चकती म्हणतात.

मागच्या थंडीत तिला आमच्याच सटाण्याकडचं काम मिळालं. तिथल्या पाणीवापर संस्थेच्या शेतकऱ्यांना कालव्याच्या पाण्याची पाळी फोनवर कळवायची होती. पूर्वी पाटाचं पाणी सोडणारा सहादू पाटकरी घरोघर ओरडत जायचा. आता मशीन मेसेज पाठवणार, आणि तोही आकड्यांत नाही, अक्षरांत. पहिल्यांदा मशीननं 'साडेदोन' लिहिलं. मी म्हटलं, "बाई, त्याला अडीच म्हणतात, नाहीतर लोक तुला मुंबईची समजतील." तिनं अडीच शिकवलं, दीड शिकवलं, रात्र, पहाट, दुपार शिकवली. यंत्राला अडीच येतं हे बघून मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले.

त्या संस्थेत माझी धाकटी जाऊ अंबूबाईही आहे. ती घरच्या कांद्याचं बी धरते. हे वाण आमच्या सासूबाईंच्या आधीपासूनचं. कांद्याचं बी वर्षभरापलीकडे धड उगवत नाही, म्हणून दर साली डोंगळे, म्हणजे बियाण्याचे कांदे, लावून त्यांच्या फुलांतून नवं बी काढावं लागतं. एक साल चुकलं की वाण संपलं.

तिला मेसेज आला: 'बुधवार, रात्री दीड वाजता.' अंबूबाई बुधवारी जेवली, थोडी लवंडली आणि रात्री कंदील घेऊन चारीवर, कालव्यातून शेतात येणाऱ्या पाटावर, गेली. चारी कोरडी. सहादू म्हणाला, "वहिनी, तुमची पाळी काल रातीच झाली. मी चारीचं दार उघडलं, कोणी नाय, मग पुढच्याला दिलं पाणी."

मशीनचा बुधवार मंगळवारी रात्री बाराला सुरू झाला होता. अंबूबाईचा झालाच नव्हता.

सकाळी फोनवर वेदिकेला अंबूबाईचा प्रसाद मिळाला. "काय व पोरी, तुना मशीनले रात समजत नही का?"

वेदिका रविवारी अंबूबाईच्या मळ्यावर गेली, मीही गेले. डोंगळ्यांच्या फुलांचे गोंडे माना टाकून उभे. विहिरीत होतं नव्हतं ते पाणी अंबूबाई हंड्यानं घालत होती. पुढच्या पाळीपर्यंत तेवढ्यावर तग धरायचा होता, आणि ती पाळीही चुकली तर बी भरणार नव्हतं. वेदिकेनं दुसरा हंडा उचलला. बांधावर टेकल्यावर तिनं विचारलं, "अंबू आजी, बुधवार सुरू कधी होतो?"

"हाई काय इचारस व? उजाडनं का मंग बुधवार लागस."

वेदिकेनं ते तिथंच फोनमध्ये टिपून घेतलं.

"अंबूला तू वेळ फोनवर सांगून टाक की," परतताना मी म्हटलं.

"तिला सांगेन. बाकीच्यांना कोण सांगणार?"

ऑफिसात साहेब म्हणाले, जगभर दिवस बारालाच बदलतो. ही म्हणाली, "बदलू द्या, सर. चारीवर नाही बदलत." मग आठवडाभर तिची बोटं त्या अक्षरांवर.

त्यातच मी एकदा विचारलं, "तुझ्या मशीनचा तो पहिला सेकंद आपल्याकडे किती वाजता गं?"

"मोजणी लंडनच्या मध्यरात्रीपासून धरलीय. म्हणजे आपल्याकडे..." ती थांबली. "आज्जी! पहाटेचे साडेपाच."

सत्तर सालच्या त्या पहाटे साडेपाचला मी चुलीपुढेच असणार, फुंकणी हातात घेऊन. मी फुंकत होते आणि जगाची मोजणी तिथून सुरू. 

पुढची पाळीही रात्रीचीच लागली. मेसेज आला तसा अंबूबाईनं फोनवर एकेक अक्षर लावून वाचून दाखवला: 'मंगळवारी रात्री दीड वाजता. बुधवार उजाडण्याआधी.'

"आता बरोबर ना?" वेदिकेनं विचारलं.

"पानी येवो, मंग सांगसू."

बुधवारी सकाळी वेदिका फोनपुढे बसून. चहावर साय धरली. मी दोनदा देवाला हात जोडून आले, एकदा अंबूबाईला शिव्या देऊन. शेवटी फोन वाजला.

"अंबू आजी, पाणी..."

"बोलू नको. आइक."

तिनं फोन खाली चारीशी धरला असावा. खळखळ, खळखळ. मध्येच तिच्या पावलांचा चिखलातला चुबुक चुबुक आवाज. वेदिकेनं डोळे मिटून घेतले. लाखो वेळा आकड्यातून दिवस काढणारी पोरगी, पण दिवस ओला कसा वाजतो ते तिनं पहिल्यांदा ऐकलं असावं.

"गोंडे कसे आहेत गं?" मी पुढे होऊन ओरडले.

"पी राह्यनात, मोठ्या बाई," अंबूबाई म्हणाली आणि फोन ठेवला. तिला वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला दारं धरायची होती.

वेदिकेनं साय बाजूला सारून गार चहा एका दमात संपवला. खिडकीतून ऊन थेट ओट्यापर्यंत आलं होतं.

"आज बुधवार ना, आज्जी?"

"आता झाला," मी म्हटलं.